इसावळीची उंची

बाई, काल दुपारी नांदेडच्या छापखान्यातून फोन आला. आपल्या पुस्तकाची जुळणी करणारे गृहस्थ बोलत होते. आधी जरा घुटमळले. "सर, बोलू का? मॅडम गेल्याचं कळलं." बोला, म्हटलं. मग म्हणाले, "एक शंका व्हती. ह्या पुस्तकात गावं किती हायत? एक का दोन?"

मला कळेना. त्यांनी प्रुफातल्या ओळी वाचून दाखवल्या. इतिहासाच्या प्रकरणात गावाचं नाव 'ईशावळी'. भूगोलाच्या प्रकरणात 'इसावळी'. लोकसंख्येच्या प्रकरणात एका परिच्छेदात हे, दुसऱ्यात ते. "दोन गावं असली तर नकाशे बी दोन लागतील, सर. अन् एकच असलं तर मुखपृष्ठावर कुठलं नाव घिऊ? परवा छपाईला लावायचंय."

तुम्ही असता तर टेबलावर हात आपटून हसला असता. तुम्ही जाऊन आज अकरा दिवस झाले, आणि आपलं चार वर्षांचं भांडण एका तिऱ्हाईत माणसानं एका प्रश्नात बसवलं. उद्या कळवतो, असं त्यांना सांगितलं. तो उद्या आज उजाडला आहे. वाचनालय उघडून प्रुफं समोर घेऊन बसलो आहे. खिडकीकडची तुमची खुर्ची तशीच आहे. तिचा एक पाय आखूड, म्हणून तुम्ही त्याखाली कागदाची घडी घालायचात. ती घडीही तशीच आहे. उत्तर छापखान्याला द्यायचं आहे, पण आधी ते तुम्हाला द्यायला हवं.

हे पुस्तक सुरू झालं तेच मुळी तुमच्या टोमण्यानं. दरवर्षी शाळेतली मुलं 'माझे गाव : इतिहास, लोकसंख्या, भूगोल' असा प्रकल्प घेऊन वाचनालयात यायची. गावाबद्दल छापलेलं काहीच नव्हतं, म्हणून मी माझं एक जुनं टिपण त्यांच्या हाती द्यायचो, आणि वर्गच्या वर्ग तेच उतरवून काढायचा. तुम्ही शाळेतून निवृत्त झालात त्या वर्षी वह्यांचा एक गठ्ठा आणून माझ्यापुढे ठेवलात.

"वाचा ग्रंथपाल. वर्गातल्या एकूणएक पोरांनी लिहिलंय, 'आमचे गाव डोंगराच्या कुशीत वसलेले आहे.' सगळ्यांना कुशीच सापडली?"

"वाक्य माझं आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तुमच्याकडं आले. डोंगराला पाठ बी असती, सर. आम्ही पाठीवर राहतो."

दुसऱ्या दिवशी तुम्ही कोरी वही घेऊन आलात आणि वाटणी करून टाकलीत. इतिहास माझा, भूगोल तुमचा, आणि माणसं दोघांची.

तुमचं भूगोलाचं पहिलं पान मला अजून पाठ आहे. किनवटहून निघालेली एसटी सागाच्या जंगलातून चढत येते, शेवटच्या वळणावर धापा टाकते आणि खालच्या आळीत येऊन थांबते. खालच्या आळीत ओढा आहे, विहिरी आहेत, जुनी घरं आहेत. मधे बाजाराचा चौक. बाजारच्या दिवशी डोंगरापलीकडून तेलंगणातले लोक येतात, तेव्हा तिथं मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते. चौकातून पुढे उभा चढ आणि अगदी माथ्यावर तुमची वस्ती. इथवर मीही असंच लिहिलं असतं. पण पुढचं वाक्य मी लिहू शकलो नसतो. तुम्ही लिहिलं होतं, 'इतर ठिकाणी मोठी माणसे उंचावर राहतात; आमच्या गावात उंची म्हणजे पाण्यापासूनचे अंतर, म्हणून ज्यांना दूर ठेवायचे त्यांना वर ठेवले.'

त्या वाक्याखाली मी 'छान' असं लिहिलं. तुम्ही ते खोडलंत. "छान काय त्यात? खरं हाय तेवढं म्हणा."

पुढे नळयोजना आली, टाकी माथ्यावर बांधावी लागली आणि पाणी आधी तुमच्या वस्तीला, मग उतारानं आमच्या आळीला येऊ लागलं. मोबाइलची रेंजही पहिल्यांदा तुमच्याकडेच आली. तुम्ही त्याचा आनंद कधी लपवला नाहीत. सकाळी वाचनालयात शिरताना विचारायचात, "आलं का पाणी खाली? सोडलंय आम्ही."

पण भांडण नावाचं. त्याची कबुली मला आधी द्यायला हवी, कारण गुन्हा माझ्या नावावर आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा एसटीच्या पाटीवर, शाळेच्या फलकावर, सगळीकडे 'इसावळी' होतं. मला ते गावंढळ वाटलं. डोंगरावर महादेवाचं ठाणं आहे. तेव्हा मूळ शब्द 'ईश' असणार, ईशाची आवळी म्हणजे ओळ, म्हणून ईशावळी, असा शोध मी लावला आणि अर्ज केले. तरुण होतो, शब्दकोश नवा होता. अर्ज मान्य झाले. पाट्या रंगवल्या गेल्या. लोक मात्र इसावळीच म्हणत राहिले. तुम्ही मला म्हणायचात, "अख्ख्या गावाला शुद्धलेखनात नापास करणारे तुम्ही पहिले."

एकदा तुम्ही समोर बसून माझी तोंडी परीक्षा घेतलीत.

"विहिरीला घरी काय म्हणता, सर?"

"हीर."

"विस्तवाला?"

"इस्तू."

"वीस रुपयाला?"

"ईस."

"मग विसाव्याला?"

उत्तर तुम्हीच दिलंत. "इसावा. इसाव्याची आवळी, ती इसावळी. ओळीनं विसावे लागलेत पायवाटेला. तुमचे ईश्वर मागून आले."

मी म्हटलं, हा नुसता कानाचा पुरावा झाला, कागद कुठे आहे? तुम्ही तोही शोधलात. निजामाच्या काळातलं जमिनीचं एक उर्दू कागदपत्र तुमच्या वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत होतं. देगलूरच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकाकडून तुम्ही ते वाचून आणलंत आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलंत. "हे बघा. सीन हाय, म्हंजे स; शीन, म्हंजे श, न्हाई. शीनवर तीन ठिपके असतात. हितं एक बी न्हाई."

"कारकून ठिपके द्यायला विसरला असेल," मी म्हणालो.

तुम्ही मग अगदी शाळेतल्या आवाजात म्हणालात, "तीन ठिपके विसरला. आणि तुम्ही चाळीस वर्षांनी ते आठवणीनं दिलेत."

त्या दिवशीच मला कळलं होतं की तुमचं बरोबर आहे. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. माणूस चारचौघांत हरायला तयार होतो. ज्या एका माणसाचं मत त्याला हवं असतं, त्याच्यासमोर हरणं अवघड जातं.

दुसरं भांडण उंचीचं. तुमच्या प्रकरणात वाक्य होतं, 'ओढ्यापासून वरच्या वस्तीची उंची पाच विसावे आहे.' मी ते काढून मोजणीच्या नकाशातला मीटरचा आकडा घातला. माप असं हवं की जे कुणीही मोजलं तरी तेच येईल, असं माझं म्हणणं. विसावा माणसागणिक बदलेल. धडधाकट बाई दोनदा थांबेल, म्हातारी दहादा. तुम्ही वाद घातला नाहीत. एका मार्गशीर्षातल्या सकाळी तुम्ही ओढ्यावर माझी वाट पाहत उभ्या होतात, हातात आईची पितळी घागर. पोचे पडलेली, पण चिंचेनं लखलखीत घासलेली. भरून माझ्यापुढे धरलीत.

"डोक्यावर न्हाई जमायचं तुम्हाला, डोक्यात आधीच लई हाय. खांद्यावर घ्या."

तुम्ही जुन्या लुगड्याची चुंबळ वळून माझ्या खांद्यावर ठेवलीत, वर घागर. "कुठं थांबायचं ते मी सांगणार न्हाई. तुम्हाला वाटंल तिथं थांबा."

पहिल्यांदा दम लागला तेव्हा मी घागर उतरवायला जागा पाहिली, तर समोर छातीएवढ्या उंचीचा सपाट दगड होता. वाकावं लागू नये, ओझं सरळ खांद्यावरून दगडावर सरकवता यावं, एवढाच उंच. तो दगड आमच्या विहिरीच्या भिंतीला लागून आहे. जन्मापासून मी तो पाहत आलो होतो आणि तो कशासाठी आहे हे मला त्या सकाळी खांद्यानं कळलं. तुम्ही भिंतीवर हात ठेवलात. एवढंच म्हणालात, "हितं लिंबाची सावली असायची."

मी पुढे निघालो. दुसऱ्यांदा थांबलो तिथे दगड. तिसऱ्यांदा, तिथेही. चौथा दगड वळणावर, बोरीखाली. वर तुमच्या वस्तीच्या तोंडाशी धुरपतामावशी आपल्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि हाक दिली, "काय ओ सर, खालच्या नळाला काय धाड भरली?"

"मोजमाप चाललंय, मावशी," तुम्ही म्हणालात.

"मोजा, मोजा. आमच्या माना झिजत व्हत्या तवा कुणी पट्टी घेऊन आलं न्हाई."

पाचव्या दगडावर मी घागर टेकवली आणि त्याच दगडाला धरून उभा राहिलो. अर्धी अधिक घागर माझ्या सदऱ्यावर सांडली होती. तुम्ही मला बोलायला दम येईपर्यंत थांबलात, मग हे दगड तिथे कसे आले ते सांगितलंत. वस्तीत नवी सून आली की सासरा पहिल्या दिवशी तिच्या मागून रिकाम्या हातानं चालायचा. ती जिथे पहिल्यांदा भरल्या घागरीनिशी अडखळेल, तिथे तिच्यासाठी दगड लावायचा. आधीच दगड असेल तर नवा लावायचा नाही. पिढ्यानपिढ्या सुना आल्या, आणि दगड पाचवर थांबले.

"हा शेवटचा माझ्या आजोबांनी लावलेला, आईसाठी. तिच्यानंतर नवा लागलाच न्हाई. म्हणजे बघा, इतक्या बाया पाचच ठिकाणी दमल्या. अन् आज तुम्ही बी त्याच पाच ठिकाणी दमलात. तुमचं मीटर बदलतं का न्हाई मला ठावं न्हाई. हे माप बदललेलं न्हाई."

मी तरीही अडून बसलो. म्हटलं, बरं, मजकुरात मीटर ठेवू, विसावे तळटीपेत देऊ.

"आमची दमणूक तळटीपेत घालणार तुम्ही?" असं म्हणून तुम्ही उरलेलं पाणी दगडाच्या बुडाशी ओतलंत आणि घरात निघून गेलात. चहाला बोलावलं नाहीत. तीन दिवस वाचनालयात फिरकला नाहीत. चौथ्या दिवशी आलात आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात वर्तमानपत्र उघडलंत. मीटर मजकुरात तसंच राहिलं, विसावे तळटीपेत. प्रुफात या क्षणापर्यंत ते तसंच आहे.

लोकसंख्येत मात्र आपलं लवकर जमलं, कारण तिथे मी ऐकत गेलो. तुम्ही कितीदा तरी प्रगणक म्हणून घराघरांत फिरला होतात, त्यामुळे सरकारी आकडा कसा तयार होतो हे तुम्हाला माहीत होतं, आणि त्यातून कोण गळतं हेही. तुम्ही सांगितलेला तो किस्सा मी जसाच्या तसा घेतला आहे. एका घरी बाईनं मुलाचं नाव सांगितलं, तुम्ही विचारलंत, कुठे असतो? लातूरला, क्लासला. मग तो इथं राहत नाही ना? त्यावर ती म्हणाली, "राहत न्हाई, पर आम्ही जेवायच्या टायमाला त्याचं नाव काढूनच राहिलो की रोज." तुम्ही आपल्या पुस्तकासाठी मोजणी वेगळी केलीत. सरकारी आकडा एका रकान्यात आणि शेजारी दुसरा : ज्याचं नाव घरात रोज निघतं अशी माणसं. किनवटच्या वसतिगृहातली मुलं, लातूरच्या खोल्यांतली मुलं, पुण्याला कंपनीत गेलेले, लेकीकडे राहायला गेलेली म्हातारी. तुमचा आकडा मोठा आला. मी विचारलं, हे शास्त्राला धरून आहे का? तुम्ही म्हणालात, "शास्त्राच्या रकान्याला मी हात लावलेला न्हाई. त्याच्या शेजारी बसलेय."

त्याच बैठकीत तुम्ही हसत म्हणाला होतात, "छापायच्या आधी मी गेले तर एक कमी करा बरं का. आकडा चुकवू नका."

त्याकडे शेवटी वळतो, बाई. आता ते सांगतो जे या टेबलावर कधी निघालं नाही.

माझ्या इतिहासाच्या प्रकरणात पाणीपुरवठ्याचा एक परिच्छेद आहे. त्यात वाक्य होतं, 'गावास पूर्वी ओढ्याचे व विहिरींचे पाणी मुबलक उपलब्ध होते.' तुम्ही हस्तलिखित वाचायला नेलंत आणि परत केलंत तेव्हा त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलनं एकच शब्द होता. 'कुणाला?'

बाकी पानांवर तुम्ही भरपूर लिहिलं होतं. वेलांट्या, तारखा, माझी लांबलेली वाक्यं. इथे एकच शब्द. मी तो संध्याकाळी, वाचनालय बंद करताना, खोडरबरानं पुसला. का पुसला ते मला नीट सांगता येईल, कारण तेव्हापासून मी दुसरं फारसं काही स्वतःला सांगितलेलं नाही. त्याचं उत्तर द्यायचं तर पायवाटेला लागून असलेली आमच्या घरची विहीर लिहावी लागली असती. आणि ती लिहायची तर खिडकी लिहावी लागली असती.

मी चौथीत असेन. आमच्या घराची मागची खिडकी त्या विहिरीवर उघडते. मी तिथे बसून वाचत असे. रोज शाळेआधी एक मुलगी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, ओढ्यावरून घागर घेऊन यायची आणि भिंतीपलीकडच्या दगडावर टेकवायची. तिचा चेहरा भिंतीवरून दिसे, कपाळाला घाम, केसांना पाणी. भिंतीच्या अलीकडे आमचा रहाट, दोर, काठोकाठ विहीर. ती ओढ्यावरून पाणी आणून आमच्या पाण्याला टेकून दम खात होती. दगडाला टेकायला आमच्या घरातून कधी मनाई झाली नाही. मनाई दोराला होती. एकदा तिनं मला विचारलं, "काय वाचतो रे?" मी पुस्तक उलटं करून नाव दाखवलं. तिनं ते दुरून वाचलं, घागर उचलली आणि गेली. मी खिडकीतून पाणी देऊ शकलो असतो, असं मी म्हणत नाही. चौथीतला मुलगा होतो. पण पुढे मोठा झालो, वडील गेले, विहीर माझी झाली, नळ आले, तुम्ही रोज माझ्या समोर बसू लागलात, आणि चार वर्षांत एकदाही मी म्हणालो नाही की ती मुलगी मला आठवते.

तुम्हाला ती खिडकी आठवत होती. तुम्ही भिंतीवर हात ठेवून लिंबाची सावली आठवलीत तेव्हाच मला कळलं होतं. पुसलेली जागाही तुम्ही पाहिली असणार. दुसऱ्या वाचनाला ते पान तुमच्याकडे होतंच. तुम्ही तो शब्द परत लिहिला नाहीत. मला वाटतं तुम्ही माझ्यासाठी दगड लावून ठेवला होता, आणि मी कुठे थांबतो ते पाहत होतात.

तुम्ही गेलात ती सकाळ. धुरपतामावशींना तुम्ही दारातून हाक मारलीत, "छातीत कसंतरी होतंय, मावशी," आणि गाडी वर येईपर्यंत संपलं होतं. तुमची प्रज्ञा लातूरहून दुपारी पोचली. आता गावाला वळसा घालून वस्तीपर्यंत सिमेंटचा रस्ता आहे. शववाहिका तिथे येऊन उभी होती. प्रज्ञानं ती परत पाठवली. "आईला पायवाटेनं न्यायचं," एवढंच म्हणाली. वाद कुणी घातला नाही.

पांढऱ्या कपड्यांतली सगळी वस्ती आणि खालच्या आळीतली बरीच माणसं मागे. मी खांद्याला नव्हतो. मला तो उतार झेपला नसता. मी मागून चालत होतो. उतारावर इतकं थांबायची गरज नसते, बाई. खांदेकरी जवान होते, वजनही तुमचं ते किती. पण पाचव्या दगडापाशी ते थांबले आणि त्यांनी तिरडी दगडावर टेकवली. मी मोजू लागलो. चौथ्याला, बोरीखाली, थांबले. तिसऱ्याला थांबले. दुसऱ्याला थांबले. कुणी कुणाला सांगत नव्हतं. त्यातल्या अर्ध्या पोरांनी जन्मात घागर उचललेली नाही. नळावर वाढलेली पोरं ती. त्यांच्या पायांना ठाऊक होतं. मी चार वर्षं तुमच्याकडे मागत होतो तो पुरावा माझ्यापुढे पाच वेळा दगडाला टेकला.

शेवटचा थांबा आमच्या विहिरीच्या भिंतीशी. तिरडी त्या दगडावर होती, आणि मी माझ्याच मागच्या दाराशी उभा होतो. पोरं घाम पुसत होती. धुरपतामावशी काठीवर रेलून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पाणी द्या की सर. पोरं दमली."

विहिरीवर आता मोटार आहे, जाळी आहे, पण रहाट मी काढलेला नाही. मी जाळी उचलली, बादली सोडली. हाताला सवय नव्हती, दोर घसरला. प्रज्ञा पुढे आली आणि तिनं दोर धरला. दोघांनी मिळून बादली वर ओढली. पोरं ओंजळीनं प्यायली, एकानं तोंडावर मारलं. शेवटी तांब्याभर पाणी मावशींना दिलं. त्या सावकाश प्यायल्या, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "गोड हाय की. आम्हाला वाटायचं खारं आसंल, म्हणून देत न्हाईत."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, प्रज्ञासुद्धा, रडता रडता. मी हसलो की नाही ते आठवत नाही. पोरांनी तुम्हाला उचललं आणि ओढ्याकडे नेलं. बुद्धवंदना सुरू झाल्याचा आवाज मला विहिरीवरून ऐकू आला. मी जाळी परत टाकली नाही. ती अजून उघडीच आहे. झाकायची तर लहान मुलांसाठी झाकेन, दुसऱ्या कशासाठी नाही.

आता छापखान्याचं उत्तर. मघाशी फोन करून सगळं सांगून टाकलं.

गाव एकच आहे. नाव इसावळी. माझ्या प्रकरणात जिथे जिथे 'ईशावळी' आहे तिथे तिथे बदला. पाट्यांसाठी नवा अर्ज मी आजच लिहितो आहे. पहिल्या अर्जाइतकाच लांब होईल आणि त्याहून खरा. पुरावा म्हणून उर्दू कागद जोडतो. सीन आहे, शीन नाही.

उंची मजकुरात पाच विसावे, भरल्या घागरीचे. मीटर तळटीपेत. ते गृहस्थ म्हणाले, "सर, विसावा म्हणजे मीटरात किती, ते कंसात देऊ का?" मी म्हटलं, "कंस नको. एकदा या, घागर देतो." हे उत्तर तुमचंच, ओढ्यावर दिलेलं. न विचारता वापरलं.

लोकसंख्येच्या रकान्यांपैकी सरकारी रकाना जसा आहे तसा. दुसऱ्या रकान्यातून मी एक कमी केलेला नाही. तुम्ही सांगितलं होतं, आकडा चुकवू नका. चुकवलेला नाही. ज्याचं नाव रोज निघतं तो मोजायचा, हा नियम तुमचाच, आणि तो मला हवा तसा वळवायचा माझा विचार नाही.

आणि पाणीपुरवठ्याचा परिच्छेद. ते वाक्य काढून तिथे असं घालायला सांगितलं : 'गावात विहिरी होत्या. ओढ्याकडून वर जाणाऱ्या पायवाटेला लागून असलेली विहीर या प्रकरणाच्या लेखकाच्या घराची. वरच्या वस्तीला तिचे पाणी घेऊ दिले जात नसे. वस्तीतल्या बायका व मुली ओढ्याचे पाणी नेत, आणि पहिला विसावा याच विहिरीच्या भिंतीशी घेत. लेखकाने हे खिडकीतून रोज पाहिले आहे.'

"एका वाक्याची पाच झाली, सर," ते म्हणाले. "पुढची समदी पानं सरकतील."

"सरकू द्या," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर कपाटातून मूळ हस्तलिखित काढलं. ते पान उन्हाकडे तिरपं धरलं. शाई नव्हती, पेन्सिल होती, तीही पुसलेली. पण तुम्ही शाळेत खडू दाबायचात तशी पेन्सिलही दाबायचात. कागदावर खाच राहिली आहे. तुमची अर्धी पेन्सिल अजून खणात होती. ती त्या खाचेतून हलकेच नेली, अक्षरामागून अक्षर, प्रश्नचिन्हापर्यंत. हात माझा होता. अक्षर तुमचंच आलं.